गाडी फक्त गावाला जाण्यापुरती उरली आहे. ठेवावी की विकून भाड्याची घ्यावी?

अनघा_प
आमच्याकडे २०१५ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पुण्यात वनाजजवळ राहतो, त्यामुळे मेट्रो रामवाडीपर्यंत झाल्यापासून दोघंही ऑफिसला मेट्रोनेच जातो. भाजी-किराणा चालत. गाडी निघते ती देवगडला सासरी जायला आणि वर्षातून एखाद्या लांबच्या सहलीला. गेल्या वर्षी सगळं मिळून चार हजार किलोमीटरसुद्धा झाले नाहीत.

नवरा म्हणतो विकून टाकू. त्याने कागदावर मांडलेला हिशेब असा: विमा नऊ हजार, सर्व्हिसिंग साधारण साडेआठ, सोसायटीचं पार्किंग महिन्याला आठशे, आणि यंदा चारही टायर व बॅटरी बदलायची आहे, ते पंचवीसच्या आसपास. म्हणजे ५२ हजार. पेट्रोल-टोल धरला नाही, कारण तो भाड्याच्या गाडीलाही भरावा लागणारच. दिवसाला अडीच हजारांनी सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली तर एवढ्या पैशात वीस दिवस नवी गाडी मिळते. आम्हाला तेवढेच दिवस लागतात.

कागदावर त्याचं बरोबर दिसतं, पण मला पटत नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना एसटीने किंवा स्लीपर बसने आणणं आता शक्य नाही. ज्यांनी गाडी विकली, किंवा विकायची ठरवून शेवटी ठेवली, त्यांचे अनुभव हवे आहेत.

घाटवाटा
वाचतोय. आमच्या घरी हाच वाद सुरू आहे, फक्त बाजू उलट्या आहेत.

वैदर्भीय
मी विकून मोकळा झालो, आणि मला पटलंय म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईत राहतो, गाव वाशिमकडे. पूर्वी गाडीने जाणं म्हणजे अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवशी पाठदुखी. आता समृद्धी महामार्ग आमण्यापासून नागपूरपर्यंत पूर्ण झाला (७०१ किलोमीटर, शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा जून २०२५मध्ये उघडला). पण मी वर्षातून मोजक्याच वेळा जातो. तेवढ्यासाठी मुंबईत गाडी उभी ठेवायची, दर पावसाळ्यात पाणी भरेल म्हणून रात्री उठून ती उंचावर नेऊन लावायची, हे सगळं संपलं. भाड्याने मोठी गाडी घेतो, आईवडील मागे पाय लांब करून बसतात. बिघडली तर दुरुस्ती त्यांची.

दोन गोष्टी सांभाळा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, छताचा आणि चाकांच्या रिमचा व्हिडिओ काढा, तोही गाडी देणाऱ्या माणसासमोर. आणि विम्यात आपल्यावर किती रकमेपर्यंत भुर्दंड येतो ते आधी लेखी घ्या. अनामत रक्कम परत मिळताना सगळी भांडणं याच दोन मुद्द्यांवर होतात.

मुग्धा_जोग
वैदर्भीय, तुमचं गाव समृद्धीच्या जवळ आहे आणि तुम्ही सोयीच्या तारखा निवडू शकता. कोकणातल्या माणसाला गाडी लागते ती गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. अख्ख्या पुण्या-मुंबईला त्याच दिवशी लागते. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात अडीच हजारांची गाडी चार हजारांना मिळाली तरी नशीब. बहुतेक वेळा मिळतच नाही. अनघा, हा हिशेब नवऱ्याला सणाच्या दराने मांडायला सांग.

दुसरं म्हणजे परतीची डिकी. बरका फणस, सुके बांगडे आणि कोकमाची आगळ घेऊन एकदा भाड्याची गाडी परत करून बघ. आमच्याकडून गाडी धुण्याचे वेगळे पैसे घेतले होते, आणि वास बघता ते द्यायलाच हवे होते :)

घाटवाटा
फणसाच्या मुद्द्यावर धागा इथेच संपायला हरकत नाही. गाडी ठेवा.

हिशेबी
हिशेबात एक गफलत आहे. टायर आणि बॅटरी एका वर्षाच्या खात्यात टाकता येणार नाहीत. टायर पाच-सहा वर्षं जातील, बॅटरी तीन-चार. ते पंचवीस हजार पाच वर्षांत वाटले तर वर्षाला पाच हजार. म्हणजे धरून चालायचा खर्च ३२ हजार. अडीच हजारांनी तेरा दिवसांपेक्षाही कमी. मुग्धाताईंचा सणाचा दर लावला तर आठच दिवस.

उलट बाजूही मांडतो. गाडी विकून आलेले पैसे ठेवीत टाकले तर व्याज येईल, ते नवऱ्याच्या बाजूने जातं. पण दहा वर्षं जुन्या हॅचबॅकची किंमत आता फार वेगाने उतरणार नाही. गाडीच्या किमतीतली मोठी घसरण पहिल्या काही वर्षांतच होते आणि ती तुम्ही सोसून झालेली आहे. नवी गाडी घेऊन वर्षाला चार हजार किलोमीटर चालवणाऱ्याला मी विका म्हणालो असतो. तुमच्या जुन्या, कर्ज फिटलेल्या गाडीला नाही.

जयंत७२
माझ्या ओळखीत एक जण सोसायटीतल्या शेजाऱ्याचीच गाडी दिवसाला पंधराशे देऊन नेतात. शेजाऱ्याची गाडी पडूनच असते, त्यालाही पैसे मिळतात. असं काही जमतंय का बघा.

ऍड_शुभदा
जयंतराव, हा सल्ला कृपया कोणी घेऊ नका. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने देणं हा परवान्याचा भंग आहे. कायदेशीर सेल्फ-ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि त्यावर पिवळे आकडे असतात. कायद्यापेक्षाही मोठा प्रश्न विम्याचा आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत ‘भाड्याने वा मोबदला घेऊन वापर’ स्पष्टपणे वगळलेला असतो. घाटात अपघात झाला, समोरचा माणूस दगावला आणि पैसे दिल्याचा व्यवहार मोबाइलवर सापडला, तर कंपनी हात वर करते किंवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला येते. शेजाऱ्याचं घर विकायची वेळ येऊ शकते. मैत्रीत, पैसे न घेता गाडी दिली तर गोष्ट वेगळी.

जयंत७२
धन्यवाद. त्यांच्यापर्यंत पोचवतो.

सदाकाका
अनघाताई, माझं वय आता ७४. गाडी हवी का, या प्रश्नाला आमच्या वेळी वेगळाच अर्थ होता. फियाट नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की नोकरदाराच्या दारातही गाडी उभी राहू शकते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला, त्याआधी मुंबईहून येताना बोर घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसल्या नाहीत असा उन्हाळा नसायचा. डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचाच, प्यायचा वेगळा आणि रेडिएटरचा वेगळा.

हे सांगायचं कारण असं की मला आज स्वतःला गाडी चालवता येत नाही, डोळ्यांनी दगा दिला. मुलगा परदेशात. आता कुठे जायचं तर कुणाला तरी विचारावं लागतं, आणि विचारायला संकोच वाटतो म्हणून कित्येक ठिकाणी जाणं राहून जातं. तुमच्या सासूबाईंना ‘येताय का?’ असं विचारायला सून गाडी घेऊन दारात येते, ही गोष्ट कागदावर मांडता येणार नाही. मी असतो तर गाडी ठेवली असती.

मुग्धा_जोग
काका, नमस्कार. फार मनापासून लिहिलंत. कोथरूड-कर्वेनगर भागात असाल आणि कुठे जायचं असेल तर मला निरोप करा. संकोच नको.

टायरवाला_सातारा
माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. ज्यांची गाडी पडून असते त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे, कारण आमच्याकडे हायवेवरून टायर फुटून येणाऱ्या गाड्यांमध्ये अशा बऱ्याच असतात.

मालक म्हणतो, ‘टायरला अजून भरपूर नक्षी आहे, गाडी चाललीच कुठे?’ नक्षी असते, पण रबर म्हातारं झालेलं असतं. टायर झिजून बाद होतो तसा वयानेही बाद होतो. बाजूला चार आकडी कोड असतो. ३४१९ म्हणजे २०१९च्या ३४व्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांपुढे दरवर्षी तपासून घ्या. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील तर नक्षी कितीही असो, लांबच्या प्रवासाला तो टायर नको. आणि नवे घेतानाही कोड बघा, दुकानात दोन वर्षं पडलेला माल नवा म्हणून गळ्यात मारला जातो.

नक्षीची कायद्याने किमान खोली १.६ मिलिमीटर. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर तिथपर्यंत थांबू नका.

हवा गाडी थंड असताना भरायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलेलं असतं, माणसं आणि सामान भरून जायचं असेल तर वेगळा आकडा दिलेला असतो. स्टेपनीची हवा बहुतेक लोक बघतच नाहीत. समृद्धीवर लोक कमी हवेने तासन्‌तास १२०ने जातात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबला की तापतो, आणि काँक्रीटवर भर दुपारी तापून फुटतो.

अनघा_प
@टायरवाला_सातारा, आत्ताच खाली जाऊन बघून आले. चारपैकी दोन टायर २०१७चे निघाले. नक्षी चांगली आहे म्हणून आम्ही गणपतीपर्यंत थांबायचं म्हणत होतो. आता या शनिवारीच बदलतो. फार फार आभार.

पडून राहिलेल्या गाडीचं आणखी काय बघावं?

टायरवाला_सातारा
ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, गाडी चालो न चालो. ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बॉनेट उघडून बघा. बॅटरीसाठी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणा, जागच्या जागी सुरू करून बंद करण्याने उलट नुकसान होतं.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं, आणि त्या इंधनाला चालतील अशा सुट्या भागांच्या गाड्या साधारण एप्रिल २०२३पासूनच्या. तुमची २०१५ची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. इंधनाचे रबरी पाइप सर्व्हिसिंगला आवर्जून तपासायला सांगा. ॲव्हरेज थोडं कमी झालं असेल तर त्याचं कारणही हेच, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते.

घाटवाटा
जबरदस्त माहिती. अवांतर होतंय, पण देवगडचा विषय निघालाच आहे तर: कोल्हापूरहून खाली उतरायला सध्या कुठला रस्ता बरा? मध्ये करूळ घाट कामासाठी बराच काळ बंद होता, तेव्हापासून मी फोंडा घाटानेच जातो.

मुग्धा_जोग
करूळ काँक्रीटचा झालाय, गगनबावड्याहून वैभववाडी, तळेरे करून देवगडला सोपं पडतं. पण मला स्वतःला राधानगरी-दाजीपूर-फोंडा हाच जास्त आवडतो. दाजीपूरच्या जंगलातून जाताना काचा खाली करून गाडी हळू चालवायची. तिथे रात्री मात्र जाऊ नये, गवे रस्त्यात उभे असतात आणि अंधारात दिसत नाहीत.

देशावरचा_कोकणी
फोंडा काय नि करूळ काय, उतरणाऱ्यांनी गाडी गिअरमध्ये ठेवा हो! पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे अजून आहेत. आधुनिक इंजेक्शनच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही. सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, उपकार नव्हे.

रात्रीचा_प्रवासी
मी मात्र कोकणात कायम रात्रीच जातो. दहाला निघायचं, ट्रॅफिक नाही, ऊन नाही, सकाळी घरी चहा. मुलंही झोपून जातात.

ऍड_शुभदा
याला माझा विरोध आहे. मोटार अपघात दाव्यांचं काम करते, त्यामुळे कागदपत्रं वाचावी लागतात. पहाटेच्या वेळी, सरळ रस्त्यावर, उभ्या ट्रकला मागून धडक असं वाचायला लागलं की पुढचं सगळं मला आधीच माहीत असतं. दिवसभर काम करून रात्री दहाला स्टिअरिंगवर बसणारा माणूस तीन वाजता जागा असेल असं समजू नका. डोळे उघडे असले तरी मेंदू झोपलेला असतो. सध्या साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम आहे, वळणमार्ग रात्री नीट दिसत नाहीत. पहाटे साडेचार-पाचला निघा. तेवढंच मोकळं मिळतं, आणि घाट उजेडात उतरता.

आणि मागच्या सीटचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यातल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि सुरक्षित मानली जाणारी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. मागचा पट्टा कायद्याने सक्तीचा आहे, न लावल्यास दंड १,००० रुपये. अनघा, सासूबाईंनासुद्धा लावायचा. पोटावर टोचतो म्हणाल्या तर खालचा पट्टा पोटावर न घेता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर येईल असा बसवून द्या.

रात्रीचा_प्रवासी
शुभदाताई, पट्ट्याचं शंभर टक्के मान्य. रात्रीचं मात्र माझ्या कामाच्या पाळीवर अवलंबून आहे, मी दुपारी झोप काढून निघतो. पण तुम्ही लिहिलंत ते ज्यांना दुपारी झोप मिळत नाही त्यांच्यासाठी अगदी खरं आहे.

हिशेबी
टोलचा मुद्दा राहिला. १५ ऑगस्ट २०२५पासून खाजगी गाडीला फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो (सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत), एक वर्ष किंवा २०० टोलनाके, जे आधी संपेल ते. पुणे ते कोल्हापूर खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके, म्हणजे जाऊन-येऊन आठ. पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धी राज्याचे, तिथे नेहमीचाच टोल. आणि पास गाडीच्या नंबराला बांधलेला असतो, भाड्याच्या गाडीला मिळत नाही. वर्षातून पाच-सहा वेळा देवगड करत असाल तर हाही हिशेबात धरा.

निलेश_ईव्ही
विद्युत गाडीचा विचार केलाय का? मी पुणे-सावंतवाडी नियमित करतो. कोल्हापूरला जेवताना चार्ज करतो. घाट उतरताना बॅटरीत थोडी वीज परत जमा होते ते बघायला मजा येते.

देशावरचा_कोकणी
निलेश, वर्षाला चार हजार किलोमीटरसाठी नवी ईव्ही घेणं म्हणजे नारळ फोडायला बुलडोझर आणणं.

निलेश_ईव्ही
हा हा, तेही खरं. रोज वापरणाऱ्यांसाठी होतं ते.

घाटवाटा
गाडीही हवी आणि ती चालवायचीही नाही, अशांसाठी: २०२५च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा गाड्या वाहून नेणारी रो-रो सुरू केली होती. गाडी वाघिणीवर आणि माणसं त्याच गाडीच्या डब्यात. ट्रकांसाठी ही सोय १९९९पासून आहे. देवगडकरांसाठी नांदगावला थांबा होता. कोणी गेलंय का?

मुग्धा_जोग
मी नाही गेले. कोलाडला तीन तास आधी पोचायचं म्हणजे पुण्याहून ताम्हिणी उतरायचाच, मग पुण्याच्या माणसाला काय उपयोग? मुंबईवाल्यांनी सांगावं.

त्यापेक्षा वेळ असेल तर किनाऱ्याने जा. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी गाडी घेऊन पलीकडे सोडतात. दोन दिवस लागतात, पण खाडीत गाडीसकट उभं राहून वारा खायचा हा कोकणातला सगळ्यात सुंदर प्रवास आहे. मुलांना एकदा तरी घडवाच.

अनघा_प
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचायला दिला. हिशेबी यांच्या ३२ हजारांवर तो थोडा नरमला, सदाकाकांच्या प्रतिसादावर काहीच बोलला नाही, आणि मग स्वतःच टायरच्या दुकानात फोन केला.

ठरलं ते असं: गाडी ठेवायची. २०३०मध्ये आरसीची पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा तपासणी करून पाच वर्षं वाढवायची की नाही ते बघू. तोपर्यंत दर रविवारी सदाकाकांसारख्या कोणाला तरी घेऊन फिरवू, म्हणजे बॅटरीचंही काम होईल. सोसायटीत तीन आजी-आजोबा असे आहेत, त्यांना विचारलंय. एकांना पुढच्या रविवारी चतुःशृंगीला जायचंय.

सदाकाका
ताई, डोळे भरून आले. सुखी राहा.

संजय_ठाणे
उशिरा आलो. आमचं गणित उलटं आलं. नवी एसयूव्ही, हप्ता सुरू, वापर महिन्यातून दोनदा, गाव नाशिकजवळ आणि ट्रेन-बस भरपूर. हिशेबी यांनी लिहिलेलं वाचून विकायचं नक्की केलं. विकताना काय सांभाळायचं?

ऍड_शुभदा
आधी कर्ज फेडून बँकेचं ना-हरकत पत्र घ्या आणि फॉर्म ३५ने आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवा. मग मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. आरसी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची प्रत हातात येईपर्यंत व्यवहार संपला असं मानू नका. तोपर्यंत अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच असता. फास्टॅग बंद करा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जातो. आणि विम्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, मालकाचा असतो. कंपनीकडून तसं पत्र घेऊन ठेवा, तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतलीत तर वापरता येतो.

संजय_ठाणे
आजच बँकेत अर्ज देतो. धन्यवाद.